राजीनाम्यावरची तारीख

धाराशिव, कळंब, उमरगा, कुठल्याही अभ्यासिकेत डोकवा. पुस्तकात मान घालून बसलेल्यांत नोकरदारही सापडतील. शिक्षण सेवकाचंच घ्या. 3 वर्षं मानधनावर काढायची. 2023 मध्ये प्राथमिकचं मानधन 6,000 वरून 16,000 झालं, तरी घर चालवायला ते तोकडंच. तेवढ्यात दुसऱ्या भरतीची यादी लागते. मग प्रश्न पडतो, प्रोबेशन पुरं व्हायच्या आत नोकरी सोडता येते का?

येते. वेठबिगारी थोडीच आहे! घोडं पेंड खातं ते कागदावर.

खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा कायदा आहे. त्याचं कलम 7 सांगतं: राजीनामा दोन प्रतींत लिहा, दोन्हींवर सही आणि तारीख घाला, एक प्रत रजिस्टर पोस्टानं व्यवस्थापनाला पाठवा, दुसरी जवळ ठेवा. एवढा काटेकोरपणा कशाला? नेमणूक देतानाच तारखेची जागा कोरी सोडून राजीनामा लिहून घ्यायचा, ही काही संस्थाचालकांची जुनी खोड. नवा माणूस नाही कसा म्हणणार? पुढं तो नकोसा झाला की तारीख टाकली, काम झालं. पोस्टाची पावती हा डाव हाणून पाडते. म्हणून मुख्याध्यापकांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवून गाडी पकडू नये. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, तेव्हा खिडकीवर नोंदणीसह पाठवायचंय असं सांगावं.

नोटिशीचा हिशेब याच कायद्याखालच्या 1981 च्या नियमावलीत आहे. कायम कर्मचाऱ्याला 3 महिने, बाकीच्यांना 1 महिना. नाहीतर तेवढा पगार भरायचा. दोन्ही न घेता माणूस सोडला, तर ती रक्कम शाळेच्या अनुदानातून कापतात. मुख्याध्यापक अडून बसतात ते उगाच नाही. खरी मेख मात्र जूनमध्ये आहे. सुट्टी नोटिशीत धरता येत नाही आणि पहिलं सत्र सुरू झाल्यावर महिनाभर नोटीसच देता येत नाही. नेमका तेव्हाच नवा आदेश हातात पडला, तर रुजू होण्याची मुदत वाढवून मागण्यावाचून गत्यंतर नसतं.

सरकारी नोकरीतून सरकारी नोकरीत जाणाऱ्यानं अर्ज योग्य मार्गानं, म्हणजे कार्यालयाच्या परवानगीनं भरलेला बरा. मग राजीनामा 'तांत्रिक', म्हणजे मागची सेवा न तोडणारा, धरला जाण्याचा मार्ग मोकळा राहतो. चोरून परीक्षा दिली, तर मागची सेवा जोडून घेताना हेलपाटे ठरलेले.

बाँड, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरण्याची लेखी हमी, हे प्रकरण वेगळं. विजया बँकेतल्या एका अधिकाऱ्यानं 3 वर्षं भरायच्या आत, 2009 मध्ये, आयडीबीआयची वाट धरली आणि बाँडचे 2 लाख निषेध नोंदवून भरले. कर्नाटक उच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं कौल दिला. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला आणि बाँड वैध ठरवला.