प्रौढ साक्षरता वर्ग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

साक्षरता वर्ग सुरू होतो, सुरुवातीला गर्दी होते आणि हळूहळू माणसे गळू लागतात. खापर मात्र शिकणाऱ्यांवर फुटते. बहुतेकदा चुकलेले असते ते वर्ग चालवणाऱ्यांचे गृहीतक.

गैरसमज : या वयात काय शिकणार?
वस्तुस्थिती : ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी साठी उलटलेल्या बायकांसाठी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन आज्या वर्गात बसल्या. वर्ग दुपारी, घरकाम आवरल्यावर. उतारवयात अनेकदा अडते ते नजरेपाशी. म्हणून आधी डोळे तपासून घ्यावेत, फळ्यावर अक्षर ठळक काढावे.

गैरसमज : निरक्षर म्हणजे अडाणी, सगळे मुळापासून शिकवायचे.
वस्तुस्थिती : वांगी ६० रुपये किलो असतील, तर पावशेराचे १५ हे भाजीवाली मावशी क्षणात सांगते. पण बेरीज कागदावर मांडताना हातचा कुठे लिहायचा, तिथे थबकते. तिला हिशेब येतोच. तो लिहायला शिकवायचा असतो. ब्राझीलमधल्या अंजिकोस गावी १९६३ मध्ये शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरी यांनी मजुरांना शिकवताना त्यांच्याच बोलण्यातले शब्द निवडले. आपल्या वर्गातही ‘मजुरी’, ‘पाणी’, ‘रेशन’ या शब्दांपासून सुरुवात करता येते. ओळखीच्या शब्दातून अक्षर लवकर पक्के होते.

गैरसमज : सही आली की माणूस साक्षर झाला.
वस्तुस्थिती : जनगणनेनुसार सात वर्षांची किंवा त्याहून मोठी जी व्यक्ती कोणत्याही भाषेत समजून वाचू आणि लिहू शकते, ती साक्षर. केंद्र सरकारच्या ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमाची चाचणीही १५० गुणांची आहे : वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५०. कर्जाच्या कागदावर सही करणाऱ्या बाईला वर लिहिलेला व्याजदर वाचता आला पाहिजे.

गैरसमज : प्रमाणपत्र मिळाले, काम संपले.
वस्तुस्थिती : साताऱ्यात १९५९ साली सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढे महाराष्ट्रभर पोहोचली. पण अशा कोणत्याही मोहिमेनंतर हाती वाचायला काही उरले नाही, तर शिकलेले अक्षर पुसट होते. बचतगटाची नोंदवही नवसाक्षर बाईंनीच लिहावी, ग्रामसभेची सूचना त्यांनीच मोठ्याने वाचावी, गावात मोठ्या टाइपातली पुस्तके असावीत.

वर्गाची वेळ, जागा आणि पहिला धडा शिकणाऱ्यांना विचारून ठरवा. जो वर्ग त्यांच्या सोयीने चालतो आणि त्यांच्या कामी येतो, तिथे माणसे टिकतात.