ब्रेकर आधी, आयसोलेटर मग

३३/११ केव्ही उपकेंद्रात फीडर दुरुस्तीला घ्यायचा, तर इलेक्ट्रिकल इंजिनिअरला आधी क्रम पाठ हवा. पहिल्यांदा ब्रेकर ऑफ करायचा, मग आयसोलेटर उघडायचा. उलट केलं तर चालू लोड तुटताना पात्यांमध्ये आर्क पेटतो. तो विझवायची सोय ब्रेकरमध्येच असते. पुढे सप्लाय गेल्याची डिटेक्टरने खात्री, डिस्चार्ज रॉडने अर्थिंग, आणि त्यानंतरच कामाचं परमिट. कपॅसिटर बँकेत तर सप्लाय गेल्यावरही काही मिनिटं चार्ज राहतो. ओहमचा नियम कॉलेजात शिकवतात; सिंगल लाइन डायग्राम समोर धरून ‘दुसरीकडून बॅकफीड येतोय का?’ असं विचारायची खोड मात्र बहुतेकांना साइटवरच लागते. गल्लोगल्ली जनरेटर आणि इन्व्हर्टर झाल्यापासून हा प्रश्न, माझ्या मते, सगळ्यांत आधी विचारायला हवा.