लायसन्स हातात, पण विमान कुठाय?

वालूरला मी गेले होते बारव बघायला. सेलू तालुक्यातलं हे गाव बारवांसाठी ओळखलं जातं, आणि त्यातली एक चक्राकार बारव तर बघतच राहावी अशी. सरळ खाली उतरणाऱ्या पायऱ्या नाहीतच, गोल गोल फिरत पाण्याकडे जायचं. गावकऱ्यांनी श्रमदान करून ती साफ केली. काठावर टेकले होते, तेवढ्यात गावातल्या एक बाई लेकीला घेऊन आल्या. मी पेपरात लिहिते हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

‘ताई, पोरगी पायलट व्हायचं म्हणायली. हिचे पप्पा दोन एकर काढायला तयार हायेत. पण एवढा पैसा घालून पोरगी पुन्हा घरीच बसली तर?’

लेक बारावी सायन्सला. ती आईकडे रागानं बघत म्हणाली, ‘अगं, लायसन्स झालं की इंडिगोत लागतंय ना!’

मैत्रिणींनो, खरी गोम या ‘लागतंय ना’मध्येच आहे. मुलींनी विमान चालवावं की नाही, हा वाद आता जुना झाला. आपल्या देशात 2023 साली 1622 कमर्शियल पायलट लायसन्स दिली गेली, त्यात साधारण 18 टक्के मुली होत्या. जगात वैमानिक बायकांचं प्रमाण पाच-सहा टक्क्यांच्या आसपास असताना आपण त्यांच्या कितीतरी पुढे आहोत. प्रश्न आहे तो लायसन्स मिळाल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांचा. त्याबद्दल ना फ्लाइंग स्कूलच्या जाहिरातीत काही असतं, ना घरात कुणी बोलतं.

हिशेब असा. कमर्शियल लायसन्सला वय 18 पूर्ण, डीजीसीएचे पेपर (पासिंग 70 टक्क्यांना, बरं का!), क्लास वन मेडिकल आणि 200 तासांचं उड्डाण. खर्च साधारण 40 ते 60 लाख. त्यापुढे मोठं जेट चालवायचं तर त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे आणखी 15-20 लाख. अमेरिकेत एअरलाइनमध्ये शिरायला साधारणपणे 1500 तास लागतात, आपल्याकडे 200 तासांवरही घेतात. म्हणूनच सगळ्यांना वाटतं की पहिली नोकरी थेट एअरबसवरच. काहींना मिळतेही. पण बाकीचे?

डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची विमानं धडाधड रद्द झाली, लोक विमानतळावर झोपले, तेव्हा सगळीकडे एकच ओरड होती, पायलट कमी आहेत. ऐकून कितीतरी आयांना बरं वाटलं असेल! पण कंपन्यांना जास्त चणचण भासते ती कॅप्टनची. नवे को-पायलट दारात रांग लावून उभे असतात. कॅप्टन व्हायला वरचं लायसन्स लागतं, एटीपीएल. त्याला 1500 तास हवेत आणि वय 21. 200 आणि 1500 यांच्या मध्ये जी दरी आहे, ती भरायची कशी? इथे पहिल्या नोकरीचा प्रश्न येतो.

आपल्याच इतिहासात बघा. देशातल्या पहिल्या व्यावसायिक महिला वैमानिक प्रेम माथूर यांना 1947 मध्ये लायसन्स मिळालं. बाई म्हणून कंपन्या दारात उभं करीनात. शेवटी घेतलं ते हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनं. (आपला परभणी जिल्हा तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होता!) तिथे त्या को-पायलट झाल्या, पण विमानाची सूत्रं काही हाती मिळेनात. मग त्यांनी ती नोकरी सोडली, उद्योगपती बिर्लांचं खासगी विमान चालवलं आणि 1953 मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये गेल्या. सोडलेली नोकरी नावानं मोठी होती, धरलेली लहान. पण लहान विमानात त्या स्वतः कमांडवर होत्या.

आणि आपल्या सौदामिनी देशमुख. नोव्हेंबर 1985 मध्ये कोलकाता-सिल्चर मार्गावर इंडियन एअरलाइन्सचं पहिलं सर्व-महिला विमान त्यांनी नेलं. सोबत को-पायलट निवेदिता भसीन. विमान कुठलं? फोकर फ्रेंडशिप, पंख्याचं, छोटं. बोइंग आणि एअरबस त्यांच्या वाट्याला नंतर आले. निवेदिता भसीन 1 जानेवारी 1990 ला, वयाच्या 26 व्या वर्षी, बोइंगच्या कॅप्टन म्हणून मुंबई-औरंगाबाद-उदयपूर गेल्या. म्हणजे मराठवाड्याच्या धावपट्टीवरही तो विक्रम उतरला होता.

आजच्या मुलीपुढे मधले रस्ते कोणते? मला सगळ्यात पटतो तो इन्स्ट्रक्टरचा. आधी सहायक प्रशिक्षकाचं रेटिंग घ्यायचं आणि फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवायचं. बारामती, गोंदिया, धुळे, ही नावं आपल्याच राज्यातली. पगार एअरलाइनइतका नाही, गाव छोटं, हवा चांगली असेल तर पहाटे पाचला धावपट्टीवर हजर. पण शिकवताना जे तास होतात ते ‘पायलट इन कमांड’ म्हणून लॉगबुकात चढतात. एरवी ताशी हजारो रुपये मोजून मिळणारे तास इथे पगारासकट मिळतात! शिवाय शिकाऊ पोरगं उतरताना विमान वाकडं करतं, तेव्हा ओरडून चालत नाही, हात शांत ठेवावा लागतो. ही सवय पुढे मुलाखतीत वेगळी सांगावी लागत नाही.

उणी बाजूही सांगते. हे तास बहुतेक एका इंजिनाच्या विमानाचे असतात. त्यामुळे वर्ष-दोन वर्षांनी पुढचं पाऊल ठरलेलं हवं. नाहीतर ‘इथं बरं चाललंय’ म्हणत बसून राहायचं होतं.

दुसरा रस्ता प्रादेशिक विमान कंपन्यांचा. अलायन्स एअर, गोव्याहून 2024 मध्ये सुरू झालेली फ्लाय91, यांची एटीआर विमानं सत्तरेक माणसं नेतात. छोट्या धावपट्ट्या, दिवसातून चार-चार वेळा चढ-उतार, पावसाळ्यात कोकणची हवा. जेटवाली मंडळी कधीकधी एटीआरला नाक मुरडतात, पण मला विचाराल तर हेच आजचं फोकर फ्रेंडशिप. कोल्हापूरच्या घोडावत समूहाच्या स्टार एअरनं 2024 मध्ये नांदेडहून विमानं सुरू केली, ती तर जेट. आपल्या दाराशी!

तिसरा रस्ता चार्टरचा. पुढारी, उद्योगपती यांची विमानं. अनुभव भरपूर, पण वेळेला धरबंध नाही. आणि ‘साहेबांना पोचायचंच आहे’ हा दबाव फार वाईट. खराब हवेत ‘नाही, उडणार नाही’ म्हणणाऱ्या पायलटच्या पाठीशी कंपनी उभी राहते का, हे तिथल्या दोघा-तिघांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. पगाराआधी हे विचारायचं.

टाइप रेटिंगबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. नोकरीचं पत्र हातात नसताना कर्ज काढून ते करून ठेवू नये. रेटिंग फ्रीजमधल्या दुधासारखं असतं, न वापरता पडलं की नासतं. पुन्हा सिम्युलेटरचे पैसे. साधं इन्स्ट्रुमेंट रेटिंगसुद्धा दरवर्षी नवं करावं लागतं. घरी बसायलाही पैसे लागतात ते असे!

‘पैसे भरा, सीट देतो’ म्हणणाऱ्यांना दारात उभं करू नका. आणि लॉगबुकात एक तासही खोटा नको. 2011 मध्ये बनावट गुणपत्रिका देऊन वरचं लायसन्स मिळवलेल्या पायलटांना अटक झाली होती. बॉण्डवर सही करण्याआधी तो मराठीत समजावून घ्या. किती वर्षांचा, सोडला तर किती भरायचे, कंपनीच बंद पडली तर काय. शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. किंगफिशर 2012 मध्ये, जेट 2019 मध्ये, गो फर्स्ट 2023 मध्ये जमिनीवर आली. नाव केवढं मोठं होतं! पण तिथल्या पायलटांच्या लॉगबुकातले तास काही कुणी काढून घेतले नाहीत. लग्न, बाळंतपण, कंपनीचं दिवाळं, काहीही होवो, ते तास तिचेच राहतात.

हे सगळं बारवेच्या काठावर जमेल तसं सांगितलं. बाई मन लावून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे जमीन काढायच्या आधी काय करू, ते सांगा.’

आधी मेडिकल, मी म्हटलं. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडे क्लास टू, मग क्लास वन. डोळे, कान, हृदय, सगळं बघतात. चष्म्यानं नजर ठीक होत असेल तर चष्मा चालतो. काही हजारांत कळतं की पुढे जायचं की नाही. तोवर पेपरांचा अभ्यास घरी बसून सुरू करता येतो. ओबीसी, भटके-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गात असाल तर नागपूरच्या महाज्योती संस्थेकडे चौकशी करा, त्यांनी नागपूर फ्लाइंग क्लबबरोबर पायलट प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. आणि बँकेत जाताना खर्चात दोन वर्षांचं राहणं-खाणं आणि रेटिंगचं नूतनीकरण धरा. हप्ता एअरबसच्या पगारावर नाही, इन्स्ट्रक्टरच्या पगारावर बसतो का ते बघा.

‘मग आधी मेडिकल. जमिनीचं मागून,’ बाई लेकीला म्हणाल्या.

लेकीचा राग एव्हाना गेला होता. तिनं मोबाईलमध्ये काहीतरी टिपून घेतलं आणि मला विचारलं, ‘गोंदियाला परभणीवरून गाडी हाय का हो?’

ते मात्र मलाही माहीत नव्हतं. दोघी मिळून शोधायला बसलो.