सामाईक नोंदवही: कोण घेतो, कोण बिचकतो

महसुलाच्या दप्तरांत आमचीं वर्षें गेलीं. फेरफाराच्या एका नोंदीवरून सख्खे भाऊ कोर्टांत उभे राहिलेले आम्हीं पाहिले आहेत; म्हणून गुपचूप खोडतां न येणारी नोंदवही निघाली आहे असें ऐकतांच आमचे कान टवकारले. हिला ब्लॉकचेन म्हणतात. एकाच वहीच्या प्रती अनेकांच्या संगणकांवर असतात, व प्रत्येक नव्या नोंदींत मागच्या नोंदीची खूण गुंफलेली असते. मधलीच नोंद कोणी बदलली, तर इतर प्रतींशीं मेळ बसत नाहीं.

इतकी सोय असतां सर्व मोठ्या मंडळ्या ती कां घेत नाहींत?

अमेरिकेंतील वॉलमार्ट कंपनीनें चिरलेल्या आंब्याच्या एका पाकिटावर प्रयोग केला. तो आंबा कोठून आला हें जुन्या कागदांवरून शोधण्यास सुमारें 7 दिवस लागले. नव्या वहीवरून 2.2 सेकंद. 2018 सालीं तेथें लेट्यूसच्या पाल्यांतून रोगजंतु पसरले. त्याच वर्षीं कंपनीनें पालेभाजी पुरविणाऱ्यांस कळविलें, कीं 2019 च्या सप्टेंबरपर्यंत ह्या वहींत सामील व्हा. एवढें मोठें गिऱ्हाईक सांगतें, तेव्हां नाहीं कोण म्हणणार? ही राजीखुशी नव्हे, हें आम्ही स्पष्टच लिहितों.

उलट गोष्ट जहाजांची. डेन्मार्कची मर्स्क व अमेरिकेची आयबीएम ह्यांनीं 2018 सालीं 'ट्रेडलेन्स' नांवाची वही काढली. बंदर, कस्टम व मालधनी ह्यांचे कागद एके ठिकाणीं यावेत, हा हेतु. परंतु मर्स्क स्वतः जहाजवाली. तिच्या प्रतिस्पर्ध्यांनीं आपला व्यवहार तिच्या वहींत कां लिहावा? गांवांतला एक सावकार दुसऱ्याच्या ओट्यावर आपली खतावणी ठेवीत नाहीं. 2019 सालीं एमएससी व सीएमए सीजीएम ह्या कंपन्या येण्यास राजी झाल्या खऱ्या. तरी सर्व धंद्याचें सहकार्य मिळालें नाहीं, आणि 2022 च्या नोव्हेंबरांत जाहीर करून 2023 च्या आरंभीं ती वही मिटली.

आणखी एक. वही खोडतां येत नाहीं, म्हणून पहिली नोंद खरीच असेल असें नाहीं. वारसांच्या एका नोंदींत आमच्याच हातून विधवा बहिणीचें नांव राहिलें होतें. दुरुस्तीची वाट होती म्हणून तिचा हिस्सा वांचला. ब्लॉकचेनमध्यें दुरुस्ती म्हणजे नवी नोंद, आणि ती कोणीं करावी हें आधींच ठरलेलें असावें लागतें.

उद्यां एखादा व्यापारी अशी वही घेऊन आपल्या सोसायटीच्या दारीं आला, तर सही करण्यापूर्वीं त्यास विचारावें: खर्च कोणाचा, आमचा भाव कोणाकोणास दिसणार, आणि चुकलेली नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाकडे?