हाडाचा रंग काय सांगतो?

शेकोटीतील लाकूड आधी काळे पडते, त्याचा कोळसा होतो आणि शेवटी पांढुरकी राख उरते, हे तुम्ही पाहिलेच असेल. दोन हजार वर्षांपूर्वीचे रोमन लोक आपल्या मृतांना काय वाढत असत, हे शोधताना पुरातत्त्वज्ञांना हीच साधी गोष्ट उपयोगी पडते.

त्या काळी रोममध्ये दहनाची चाल रूढ होती. सिसेरो (इ. स. पू. १०६–४३) हा रोमन लेखक सांगतो की, डुकराचा बळी दिल्याखेरीज त्या जागेला थडग्याचा दर्जा मिळत नसे. थडग्यापाशी आप्तेष्ट जेवत. नवव्या दिवशी पुन्हा मेजवानी होई. टायबर नदीच्या मुखाजवळ इझोला साक्रा येथे काही थडग्यांना, वरून मद्य ओतता यावे म्हणून, मातीच्या नळ्या बसवलेल्या आढळल्या आहेत.

पण मृताचा वाटा कोणता आणि जिवंतांचा कोणता, हे कसे ओळखावे?

हाडात मुख्यतः दोन द्रव्ये असतात : कोलॅजन हे प्रथिन आणि कॅल्शियम फॉस्फेटयुक्त खनिज. सुमारे ३०० ते ४०० अंश सेल्सिअसला प्रथिन करपते व हाड काळे पडते. तापमान वाढले की हा कार्बन जळू लागतो आणि हाड राखी दिसते. ७००–८०० अंशांपुढे कार्बन जळून जातो. उरते ते पांढरे खनिज. म्हणून माणसाच्या पांढऱ्या हाडांत डुकराचे किंवा कोंबडीचे तसेच पांढरे हाड मिसळलेले सापडले, तर तो वाटा मृताबरोबर चितेवर ठेवला असावा. न जळलेले, सुरीचे घाव असलेले हाड थडग्याबाहेर मिळाले, तर ते जेवणाऱ्यांच्या पानातले असण्याचा संभव अधिक.

मात्र निष्कर्षाची घाई करू नका! कार्बन जळायला ऑक्सिजन लागतो. निखाऱ्यांखाली दडपलेले हाड खूप तापले तरी काळेच राहू शकते. याच कारणाने चितेवरची अंजिरे व खजूर काही ठिकाणी कोळसा होऊन आजवर टिकले आहेत. म्हणून रंगाबरोबरच हाड कोठे पडले होते आणि त्यावर घाव आहेत का, हेही तपासावे लागते.

पुढच्या वेळी शेकोटी पूर्ण थंड झाली की काठीने राख उकरून पाहा. वर पांढरी राख आणि खाली काळे कोळसे असे का, ते आता तुम्हीच सांगू शकाल.