अल्ब्युमिनवर बसलेला पाहुणा

पुण्यात बिबवेवाडीतल्या कुठल्याही लॅबमध्ये ‘एलएफटी’ ही यकृताची तपासणी केली की रिपोर्टात अल्ब्युमिनची एक ओळ असते. आकडा ३.५ ते ५ असला की आपण निश्चिंत. पण त्या अल्ब्युमिनवर काय बसलंय, ते या ओळीत दिसत नाही.

यकृतात तयार होणारं हे प्रथिन मार्केट यार्डातल्या हमालासारखं काम करतं. मेदाम्लं, औषधं, बिलिरुबिन, सगळं रक्तातून वाहून नेतं. मेदाम्लं बसायला त्याच्यात सात खोबणी आहेत. टेफ्लॉनच्या उत्पादनात वर्षानुवर्षं वापरलेलं पीएफओए याच खोबणींत शिरतं. आठ कार्बनची साखळी, टोकाला आम्ल. घडण थेट मेदाम्लाची, फक्त साखळीवर हायड्रोजनऐवजी फ्लोरिन. ही साखळी तोडणारं विकर माणसाच्या शरीरात नाही.

रक्तातलं ९० टक्क्यांहून जास्त पीएफओए अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं. मूत्रपिंडातून निसटू पाहणारा अंशही तिथली वाहक प्रथिनं परत ओढून घेतात. प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराच्या (रॅटच्या) मादीत ते काही तासांत निम्मं होतं. माणसात दोन-तीन वर्षं लागतात. अल्ब्युमिनचे निम्मे रेणू मात्र जेमतेम वीसेक दिवसांत मोडतात. जुना मोडला की पाहुणा नव्यावर जाऊन बसतो. थायरॉइडचं संप्रेरक वाहणाऱ्या ट्रान्सथायरेटिन या प्रथिनावरची जागाही पीएफओए आणि त्याच्या कुळातली रसायनं अडवतात. डिसेंबर २०२३ मध्ये आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

अल्ब्युमिन रक्ताच्या प्लाझ्मात असतं, म्हणून प्लाझ्मा काढला की अल्ब्युमिनवर बसलेलंही निघतं. याच भाऊबंदातलं पीएफओएस अग्निशमनाच्या फेसात असे. ऑस्ट्रेलियात २८५ अग्निशमन कर्मचाऱ्यांवर चाचणी झाली, २०२२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. वर्षभर नियमित प्लाझ्मा देणाऱ्यांच्या रक्तातलं पीएफओएस स्पष्ट घटलं.

हे सगळं दूरचं नाही. इटलीच्या व्हेनेतोमध्ये ही रसायनं बनवणाऱ्या मितेनी कारखान्याच्या प्रदूषणाची झळ सुमारे साडेतीन लाख लोकांना बसली. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोर झाली, जून २०२५ मध्ये ११ माजी अधिकाऱ्यांना तुरुंगवास सुनावला गेला. तिची यंत्रसामग्री २०१९ च्या लिलावात लक्ष्मी ऑरगॅनिक या भारतीय कंपनीच्या उपकंपनीने घेतली आणि ती आली रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामला. स्वारगेटहून चिपळूणची एसटी धरली की पुढे थोड्याच अंतरावर. तिथल्या कामगारांचं रक्त, विहिरींचं पाणी आणि दाभोळ खाडीतले मासे आत्ताच तपासून आकडे जाहीर करायला हवेत. व्हेनेतोत पाणी नासल्याचं २०१३ मध्ये उघड झालं, तेव्हा तो कारखाना कित्येक दशकं चालू होता.