ऑनलाइन लिलाव : बोली कशी लावावी, काय टाळावे?

जुनी नाणी, टपाल तिकिटे, घड्याळे, बिदरी भांडी यांचे लिलाव आता घरबसल्या होतात. बाजारातल्या हराशीत समोरचा माणूस दिसतो. इथे तो दिसत नाही. म्हणून या व्यवहारात उतरू इच्छिणाऱ्या बांधवांनी बोलीची पद्धत आणि शिस्त दोन्ही समजून घ्यावीत.

१९९५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ईबेवर गिऱ्हाईक आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते. समजा, एका घड्याळावर एकाने ८० डॉलर नोंदवले आणि दुसऱ्याने १००. भाव ८१ वरच थांबतो, कारण त्या टप्प्यात बोली एकेक डॉलरने चढते. तेव्हा वस्तूची आपल्या लेखी खरी किंमत ठरवावी, त्यातून टपालखर्च, कर व दलाली वजा करावी आणि उरलेली रक्कम एकदाच नोंदवावी.

अनुभवी संग्राहक शेवटच्या काही सेकंदांत बोली लावतात. जाणकाराने आधीच बोली लावली तर वस्तू चांगली असल्याचे इतरांना कळते आणि चढाओढ सुरू होते, हे त्यामागील कारण. काहींना ही चाल खटकते, पण ईबेच्या नियमात ती बसते. मात्र ऐनवेळी ईर्ष्येला पेटून ठरवलेली मर्यादा ओलांडणे म्हणजे नुकसान ओढवून घेणे होय.

आता शिस्तीविषयी. पैसे भरायचे नसतील तर बोली लावू नये. वस्तूची स्थिती, दुरुस्ती, अस्सलपणा याविषयीचे प्रश्न बोलीपूर्वीच विचारावेत. जिंकल्यावर घासाघीस करू नये.

सर्वात मोठा मोह विक्रेत्याला होतो. भाव चढावा म्हणून भाऊ, पुतण्या किंवा मित्राकडून खोटी बोली लावून घेतली जाते. यालाच 'नजश' म्हणतात आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याची स्पष्ट मनाई केली आहे. देशाचा कायदाही तेच सांगतो. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ नुसार विक्रेत्याने खोट्या बोलीने भाव वाढवला असेल, तर खरेदीदार तो सौदा रद्द करू शकतो. कमी भावात माल जाण्याची भीती वाटत असेल, तर सुरुवातीची किंमतच योग्य ठेवावी किंवा राखीव किंमत असल्याचे आधी जाहीर करावे. हा मार्ग सरळ आहे आणि कायदेशीरही.

आणखी एक सावधगिरी. शंभर वर्षांहून जुनी नाणी व कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. त्यांच्या व्यापारास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. परदेशी गिऱ्हाइकाची बोली कितीही मोठी असली, तरी अशी वस्तू त्याच्यासाठी लिलावात ठेवू नये. आपल्या हातच्या नव्या कामाला ही अडचण नाही. फक्त ते 'जुने' म्हणून विकू नये.